दोन हातांची विद्या

सन १८९१ मधील गोष्ट. जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथील विद्यापीठाच्या शस्त्रक्रियागृहात नऊ वर्षांच्या एका मुलाची दुभंगलेली टाळू शिवण्याचे काम चालले होते. मुलाला क्लोरोफॉर्म दिलेले होते आणि शस्त्रक्रिया अर्ध्यावर असतानाच त्याची नाडी लागेनाशी झाली. तेथे फ्रीडरिश मास नावाचे एक तरुण शल्यचिकित्सक हजर होते. त्यांचे गुरू फ्रान्झ क्योनिग यांनी अशा प्रसंगासाठी छाती दाबण्याची एक रीत घालून दिली होती; परंतु ती श्वास चालू करण्यासाठी होती आणि तिची गती संथ, मिनिटाला तीस-चाळीस दाब इतकीच असे. मास यांनी ती रीत करून पाहिली. गुण येईना. अखेर जिवावर उदार झाल्यासारखे त्यांनी थेट हृदयाच्या जागेवर, मिनिटाला एकशेवीसच्या गतीने, जोर लावून दाब देण्यास आरंभ केला. मुलगा वाचला. पुढे आणखी एका तरुण रुग्णावर हीच क्रिया यशस्वी झाली आणि १८९२ मध्ये बर्लिनच्या एका वैद्यकीय साप्ताहिकात मास यांनी दोन्ही प्रसंगांची साद्यंत हकीकत छापली.

यानंतर काय झाले? काहीही झाले नाही. लेख ग्रंथालयात राहिला आणि पुढची जवळजवळ सत्तर वर्षे शस्त्रक्रियेच्या टेबलावर हृदय थांबले की शल्यचिकित्सक सुरी घेऊन छाती उघडीत आणि हृदय मुठीत धरून दाबीत. १९०१ मध्ये नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे क्रिस्टियान इगेल्स्रुड यांनी या मार्गाने एका स्त्रीचे प्राण वाचविले, म्हणून हा मार्ग रूढ झाला. मात्र तो केवळ शल्यचिकित्सकाचा, केवळ शस्त्रक्रियागृहातला मार्ग होता. वॉर्डातल्या खाटेवर ज्याचे हृदय थांबले, त्याच्या तोंडावर चादर ओढण्यापलीकडे कुणाला काही करता येत नव्हते.

मास यांचा शोध खोटा नव्हता, अपुराही नव्हता. तो कुणी कुणाला शिकविला नाही, एवढेच. प्राण परत आणण्याच्या विद्येचा इतिहास सहसा संशोधकांच्या नावांनी सांगितला जातो. आम्हांला येथे तो शिकविणाऱ्यांच्या बाजूने पाहावयाचा आहे. कारण रुग्णालयात प्रत्यक्ष जीव वाचतो तो कुठेतरी काही ठाऊक असण्याने नव्हे, खाटेजवळ उभ्या असलेल्या माणसाला ते हाताने करता येण्याने.

विद्या तशी पुरातन आहे. जुन्या करारातील राजांच्या दुसऱ्या ग्रंथात शूनेमच्या बाईच्या मृत बालकावर अलीशा संदेष्टा तोंडाला तोंड लावून ओणवा होतो, तो प्रसंग आपल्या वाचकांना परिचित आहे. आपण तो देवाचा चमत्कार म्हणून वाचतो; वैद्यकाचे इतिहासकार मात्र पुनरुज्जीवनावरील आपल्या ग्रंथांचा प्रारंभ हटकून तेथून करतात. सुइणींना तर ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. बाळ रडले नाही तर त्याच्या तोंडात फुंकर घालावी, हे त्या पुस्तक न वाचता करीत आल्या. १७३२ मध्ये स्कॉटलंडमधील अ‍ॅलोआ येथे कोळशाच्या खाणीतून बेशुद्ध बाहेर काढलेल्या एका कामगाराला विल्यम टॉसॅक या शल्यचिकित्सकाने तोंडाने श्वास देऊन शुद्धीवर आणले. १७४० मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने बुडालेल्या माणसावर हाच उपाय करावा असा सल्ला दिला.

पण शिकविण्याची पहिली संघटित खटपट झाली ती अ‍ॅम्स्टरडॅममध्ये. गावभर कालवे, पाय घसरून पडणारे पुष्कळ आणि वाचविणारे थोडे, अशी तेथील स्थिती. १७६७ मध्ये नागरिकांनी बुडालेल्यांना वाचविणारी संस्था काढली. काय करावे याची माहिती छापून वाटली, वाचविणाऱ्यास बक्षिसे ठेवली. पहिल्या चार वर्षांत दीडशे माणसे वाचल्याची नोंद संस्थेने केली. तिचे पाहून १७७४ मध्ये लंडनला तशीच संस्था निघाली. तीच पुढे रॉयल ह्यूमेन सोसायटी म्हणून नावारूपाला आली. या संस्थांच्या उपायांत अंग ऊबदार ठेवणे आणि तोंडाने श्वास देणे होते, तसेच गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडणेही होते! धुराने आतडी चेतवली की प्राण जागा होतो, अशी त्या काळच्या विद्वानांची समजूत. हसू येते खरे. पण सामान्य होडीवाल्यालाही हे काम जमू शकेल, हा त्यांचा विश्वास आम्हांला आजही मोलाचा वाटतो.

पुढे एकोणिसाव्या शतकात परक्या तोंडाला तोंड लावण्याची किळस वाढली आणि ती रीत मागे पडली. तिच्या जागी रुग्णाला कुशीवर आणि पालथे लोळविणे, त्याचे हात डोक्यावर नेऊन छातीवर आणणे, पालथे घालून पाठ दाबणे अशा नाना पद्धती आल्या. मार्शल हॉल, सिल्व्हेस्टर, शेफर, होल्गर नील्सन ही त्यांच्या जनकांची नावे. प्रथमोपचाराच्या वर्गांतून आणि बालवीरांच्या शिबिरांतून कित्येक पिढ्यांनी हे हातवारे इमानाने गिरविले. दुर्दैव असे की यांतील बहुतेक पद्धतींनी बेशुद्ध माणसाच्या फुप्फुसात पुरेशी हवा जातच नव्हती. शिकविणे चोख होते, पण शिकविण्याचा विषयच चुकला होता.

तो सुधारण्याची वेळ आली ती पोलिओच्या साथींमुळे. १९४६ मध्ये अमेरिकेत मिनिॲपोलिस येथे जेम्स एलम हे डॉक्टर पोलिओच्या वॉर्डाची ओळख करून घेत फिरत असता एक परिचारिका आणि दोन मदतनीस निळ्या पडलेल्या मुलाला ढकलगाडीवरून धावत नेताना त्यांना दिसले. एलम यांनी गाडी अडविली, चादरीने मुलाचे तोंड पुसले आणि त्याच्या नाकावर ओठ टेकून श्वास दिला. चार श्वासांत मुलाच्या अंगावर लाली आली. सुइणींच्या त्या जुन्या युक्तीविषयी त्यांनी थोड्याच वेळापूर्वी वाचले होते, असे ते पुढे सांगत.

याहून मोठा प्रसंग कोपनहेगनचा. त्यावर थोडे अधिक लिहिणे आम्हांला भाग आहे. १९५२ च्या उन्हाळ्यात त्या शहरात पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुले आणि तरुण यांची रीघ लागली आणि श्वास देणारी यंत्रे मोजकीच होती. पहिल्या तीन आठवड्यांत यंत्रावर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा रुग्णालयाचे प्रमुख लॅसन यांनी ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला पाचारण केले. भूलतज्ज्ञाचे काम शस्त्रक्रियागृहापुरते, अशी त्या काळची रीत असल्याने हे बोलावणेही काहीसे विलक्षणच होते. २७ ऑगस्टला इब्सेन यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसविली आणि रबराची पिशवी हाताने दाबून तिच्या फुप्फुसांत हवा भरली. मुलगी जगली. शस्त्रक्रियागृहात रोज जे होत होते, तेच त्यांनी वॉर्डात आणले होते.

पण मग पिशवी दाबायची कुणी? यंत्र दमत नाही, माणूस दमतो. एकेका रुग्णाला दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे, कुणाला महिनोन्‌महिने श्वास हवा होता. रुग्णालयाने वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना हाक दिली. सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्यांनी आले. पिशवी किती दाबावी, केव्हा सोडावी, रुग्णाच्या चेहऱ्यावरून काय ओळखावे, हे त्यांना शिकविण्यात आले आणि ते खाटेजवळ बसले. ऐन भरात एकाच वेळी सत्तर रुग्णांचा श्वास अशा तरुण हातांवर चालला होता. साथ ओसरेतो या मुलांनी मिळून एक लाख पासष्ट हजार तास पिशवी दाबली, असा हिशेब सांगितला जातो. आधी अशा दहा रुग्णांतील आठ-नऊ जात. ते प्रमाण निम्म्याच्याही खाली आले. आज प्रत्येक मोठ्या रुग्णालयात असणाऱ्या अतिदक्षता विभागाचा उगम येथे आहे. तो उगम एखाद्या महागड्या यंत्रात नसून थोडक्यात शिकविलेल्या विद्यार्थ्यांच्या पाळ्यांत आहे, ही गोष्ट रुग्णालयांच्या इमारती बांधणाऱ्यांच्या ध्यानात क्वचितच येते. चार वर्षांनी, १९५६ मध्ये, त्याच डेन्मार्कमध्ये हेनिंग रूबेन यांनी दाबून सोडली की आपोआप फुगणारी पिशवी तयार केली. ‘अँब्यू बॅग’ या नावाने ती आता जगभरच्या वॉर्डांत आढळते.

त्याच सुमारास एलम यांची गाठ पीटर साफार यांच्याशी पडली. साफार हे व्हिएन्नाचे, १९२४ चा जन्म, अमेरिकेत बाल्टिमोर येथे भूलतज्ज्ञ. त्यांनी १९५७-५८ मध्ये जे प्रयोग केले, तसे आज कुणाला करू दिले जाणार नाहीत. डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी यांच्यातील स्वयंसेवकांना औषधाने झोपविले, त्यांचे स्नायू शिथिल करून श्वास थांबविला आणि इतरांनी त्यांना तोंडाने श्वास दिला. श्वास देणाऱ्यांत वैद्यकाशी काडीचाही संबंध नसलेली माणसे होती. दोन गोष्टी सिद्ध झाल्या. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून घसा बुजतो, म्हणून डोके मागे कलते करून हनुवटी उचलली पाहिजे. आणि तोंडाने दिलेला श्वास जुन्या सर्व हातवाऱ्यांहून सरस ठरतो. त्याहून महत्त्वाची तिसरी गोष्ट, की अननुभवी माणसालाही हे थोड्या वेळात शिकविता येते.

बाल्टिमोरमध्येच, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, विल्यम कौवेनहोवेन हे सत्तरी ओलांडलेले विद्युत् अभियंते हृदयाला विजेचा झटका देण्याच्या उपकरणावर काम करीत होते. त्यांचे विद्यार्थी गाय निकरबॉकर यांच्या लक्षात आले की उपकरणाचे जड पत्रे कुत्र्याच्या छातीवर दाबून ठेवताच, वीज सोडण्यापूर्वीच, त्याचा रक्तदाब किंचित वाढतो. शल्यचिकित्सक जेम्स ज्यूड त्यांना येऊन मिळाले. १९५९ मध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या एका पस्तीस वर्षांच्या स्त्रीचे हृदय भुलीच्या औषधाने थांबले, तेव्हा ज्यूड यांनी छाती न उघडता ती वरून दाबली आणि ती बाई वाचली. ९ जुलै १९६० रोजी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात तिघांचा लेख आला. त्यात वीस रुग्णांपैकी चौदा वाचल्याचे नमूद होते. या क्रियेला दोन हातांपलीकडे काही लागत नाही, असे त्यांनी त्यात ठासून सांगितले. मास यांना ग्यॉटिंगेनमध्ये जे सापडले होते, ते असे दुसऱ्यांदा सापडले. बाल्टिमोरच्या मंडळींनी मिनिटाला साठ दाब ठरविले. पुढे गती वाढवीत वाढवीत २०१५ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात ती शंभर ते एकशेवीस झाली. मास यांचा आकडा १८९२ पासून छापील होता!

सप्टेंबर १९६० मध्ये मेरीलंड राज्यातील ओशन सिटी येथे डॉक्टरांच्या सभेत साफार यांचा श्वास आणि हॉपकिन्सचा दाब ही दोन्ही अंगे एकत्र मांडली गेली. आपण ज्याला सीपीआर म्हणतो, ते तेथे आकाराला आले.

आता प्रश्न उरला शिकविण्याचा. श्वास आणि दाब जिवंत, धडधाकट माणसावर शिकता येत नाहीत. जोराने दाबले तर बरगडी मोडते. क्लीव्हलँडचे क्लॉड बेक यांनी १९४७ मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाचे हृदय विजेच्या झटक्याने पुन्हा चालू केले होते आणि १९५० पासून ते डॉक्टर-परिचारिकांचे वर्ग घेत होते. वीस वर्षांत त्यांनी तीन हजारांहून अधिक जणांना शिकविले. आमच्या माहितीत रुग्णालयातील कर्मचाऱ्यांना पद्धतशीर पुनरुज्जीवन शिकविणारे हे पहिले गुरुजी. पण त्यांचा पाठ छाती उघडण्याचा होता. नव्या विद्येला नवे साधन हवे होते.

ते एका खेळणी करणाऱ्याने दिले. नॉर्वेतील स्टाव्हांगर गावचे आस्मुंड लेर्डाल हे मुलांची पुस्तके, लाकडी खेळणी आणि पुढे मऊ प्लॅस्टिकच्या बाहुल्या करीत. त्यांचा लहानगा मुलगा टोरे एकदा पाण्यात बुडता बुडता वाचला होता. वडिलांनी वेळेवर बाहेर काढून त्याच्या घशातील पाणी काढले होते. ब्यॉर्न लिंड या नॉर्वेच्या भूलतज्ज्ञाने आणि साफार यांनी जेव्हा शिकविण्यासाठी पुतळा हवा असे सुचविले, तेव्हा लेर्डाल यांना ते काम परके वाटले नाही. १९६० मध्ये ‘रिससी ॲन’ हा माणसाएवढा पुतळा तयार झाला. त्याची मान मागे कलली तरच हवा आत जाई. पुढे साफार यांच्या सूचनेवरून छातीत स्प्रिंग बसविण्यात आली. चेहऱ्यासाठी लेर्डाल यांनी एकोणिसाव्या शतकातील पॅरिसचा एक मुखवटा निवडला. सेन नदीत बुडून मेलेल्या, नावगाव न कळलेल्या एका मुलीचा तो मुखवटा, अशी आख्यायिका आहे आणि अशा प्रती त्या काळी युरोपातील घराघरांच्या भिंतींवर असत. जिला कुणी श्वास देऊ शकले नाही, तिच्याच ओठांवर पुढे कोट्यवधी लोक श्वास द्यावयास शिकले. आख्यायिका खरी असो वा नसो, शिकणाऱ्याच्या मनावर तिचा परिणाम होतो खरा.

साधन आले, तरी अधिकाराचा प्रश्न होताच. आमच्या मते या इतिहासातील खरी झुंज येथे आहे. हृदय थांबल्यावर चार-पाच मिनिटांत मेंदूच्या पेशींना इजा होऊ लागते. हृदय अनियमित थरथरत असेल तर झटक्याला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या विलंबाने वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. आणि रुग्णालयात त्या मिनिटांना जवळ कोण असते? परिचारिका. पण १९६० च्या आसपास तिने करावयाचे काम म्हणजे धावत जाऊन डॉक्टरांना बोलाविणे. १९६२ मध्ये कॅन्सास सिटीच्या बेथनी रुग्णालयात ह्यूज डे यांनी हृदयविकाराच्या रुग्णांसाठी वेगळा कक्ष उघडला. ‘कोड ब्लू’ ही हाक तेथूनच प्रचारात आली, असे सांगतात. त्याच सुमारास फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन रुग्णालयात लॉरेन्स मेल्टझर यांनी एक पाऊल पुढे टाकले. हृदयाचा आलेख वाचणे आणि डॉक्टरांची वाट न पाहता विजेचा झटका देणे, ही दोन्ही कामे त्यांनी परिचारिकांना शिकविली आणि तसा अधिकारही दिला. वैद्यकाचा मक्ता मोडतो म्हणून पुष्कळांची कपाळे आठ्यांनी भरली. परंतु रात्री दोन वाजता खाटेशेजारी जी आहे तिच्या हातात विद्या नसेल, तर ती खालच्या मजल्यावर झोपलेल्या डॉक्टरांच्या हातात असून काय उपयोग? मेल्टझर यांच्या कक्षाने हे उत्तर कागदावर न देता खाटेवर दिले आणि हळूहळू साऱ्या जगाने ते मान्य केले.

१९६६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने परिषद भरवून सीपीआरचे शिक्षण वैद्यकीय आणि तत्सम व्यावसायिकांना ठरावीक प्रमाणाने द्यावे, अशी शिफारस केली; सामान्य जनतेला ते शिकवावे, हा निर्णय व्हायला १९७४ उजाडावे लागले. मध्यंतरी साफार यांनी पिट्सबर्ग शहरात आणखी एक धाडस केले. १९६७ मध्ये फ्रीडम हाउस नावाच्या रुग्णवाहिका सेवेसाठी कृष्णवर्णीयांच्या गरीब वस्तीतील बेकार तरुण घेऊन त्यांना शेकडो तासांचे शिक्षण दिले आणि देशातील पहिल्या कुशल रुग्णवाहिका-सेवकांत त्यांची गणना झाली. साफार यांच्या स्वतःच्या घरी मात्र १९६६ मध्ये दुःखाचा डोंगर कोसळला होता. दम्याच्या झटक्यात त्यांच्या लहान मुलीचे हृदय पुन्हा चालू करता आले, मेंदू वाचविता आला नाही. त्यानंतरचे त्यांचे सारे संशोधन मेंदूवरच केंद्रित झाले.

येथे एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. विद्या आली की ती केव्हा थांबवावी हा प्रश्नही येतो. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांसमोर याच विषयावर भाषण केले होते. ऑस्ट्रियातील इन्सब्रुकचे भूलतज्ज्ञ ब्रुनो हाइड यांनी नेमके प्रश्न पाठविले होते: आशा नसलेल्या रुग्णालाही श्वासयंत्रावर ठेवणे बंधनकारक आहे काय, आणि ते काढता येते काय? पोपमहाशयांचे उत्तर असे की प्राणरक्षणासाठी सामान्य उपाय योजणे कर्तव्य आहे; स्वतःवर वा इतरांवर असाधारण भार टाकणारे उपाय योजणे कर्तव्य नाही; आणि मृत्यूचा नेमका क्षण ठरविणे हे चर्चचे नसून वैद्यांचे काम आहे. सीपीआरचा जन्म होण्याच्या तीन वर्षे आधीचे हे भाषण वैद्यकीय नीतिशास्त्राच्या अभ्यासात आजही वाचले जाते. पुनरुज्जीवनाच्या वर्गात दाब आणि श्वासाबरोबर हाही पाठ असावा, असे आम्हांला वाटते.

१९७० च्या दशकात प्रगत पुनरुज्जीवनाचा अभ्यासक्रम अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात सुरू झाला. त्याच राज्यात १९७६ मध्ये जेम्स स्टायनर या अस्थिशल्यचिकित्सकाचे छोटे विमान शेतात कोसळले. पत्नी जागीच गेली, मुले जखमी झाली. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जे उपचार मिळाले, त्याहून बरे आपण शेतात करू शकलो होतो, असे त्यांचे मत झाले. दोष त्या कर्मचाऱ्यांचा नव्हता, त्यांना कुणी शिकविलेच नव्हते, हे ओळखून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये अपघातग्रस्तांच्या उपचाराचा पहिला वर्ग भरविला. तो आता अनेक देशांत चालतो.

मात्र वर्ग झाला म्हणजे काम झाले, हा समज लवकरच खोटा ठरला. तपासण्या झाल्या तेव्हा दिसले की शिकलेले कौशल्य तीन ते सहा महिन्यांत ओसरू लागते. प्रमाणपत्र मात्र दोन वर्षे भिंतीवर असते. शिकागो विद्यापीठाच्या रुग्णालयात प्रत्यक्ष पुनरुज्जीवनाच्या वेळी यंत्राने केलेले मोजमाप २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. मोजणीच्या तुकड्यांपैकी सदतीस टक्क्यांत दाब उथळ होता, अठ्ठावीस टक्क्यांत गती कमी होती आणि श्वास तर बहुधा गरजेपेक्षा जास्त दिले जात होते. हे एका नामांकित रुग्णालयातील शिकलेले कर्मचारी होते, हे विसरू नये. उलट शिक्षणाने काय साधते याचाही पुरावा आहे. अमेरिकेतील एका रुग्णालयाचा अहवाल २००० मध्ये प्रसिद्ध झाला. हृदय थांबल्याचे प्रथम पाहणारी परिचारिका प्रगत पुनरुज्जीवन शिकलेली असेल, तेव्हा शंभरांतील सुमारे अडतीस रुग्ण घरी गेले. ती शिकलेली नसेल, तेव्हा सुमारे दहा. रुग्णांची संख्या मोठी नव्हती, म्हणून हे आकडे तंतोतंत सर्वत्र लागू होतील असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्यांची दिशा स्पष्ट आहे.

लेर्डाल यांच्या स्टाव्हांगरजवळच्या बेटावर उत्स्टाइन नावाचा मध्ययुगीन ऑगस्टिनियन मठ आहे. धर्मसुधारणेच्या काळात तो बंद झाला. वास्तू मात्र उभी आहे. १९९० मध्ये जगभरचे पुनरुज्जीवनतज्ज्ञ तेथे जमले आणि यशापयशाची नोंद सर्वांनी एकाच रीतीने ठेवावी, असे ठरले. त्याच परंपरेतील पुढच्या बैठकांतून एक सूत्र निघाले. रुग्ण वाचणे म्हणजे वैद्यकीय ज्ञान, शिकविण्याची परिणामकारकता आणि स्थानिक अंमलबजावणी यांचा गुणाकार. ही बेरीज नाही. तिन्हींपैकी एक शून्य झाले की उत्तर शून्य. मास यांच्या लेखाचे सत्तर वर्षांचे दुर्दैव एवढ्या एका ओळीत सामावते.

आपल्या देशात ही विद्या सर्वांत आधी भक्कमपणे रुजली ती प्रसूतिगृहात, हे नोंदण्यासारखे आहे. जन्मलेल्या शंभर बालकांतील सुमारे दहांना श्वास सुरू करण्यास काही ना काही मदत लागते. अमेरिकेत १९८७ मध्ये नवजात पुनरुज्जीवनाचा अभ्यासक्रम निघाला आणि १९९० मध्ये नॅशनल निओनॅटॉलॉजी फोरमने तो भारतात आणला. आपल्या महाराष्ट्रात, गडचिरोलीच्या खेड्यांत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील थोड्या शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळाची निगा शिकविली. त्यात गुदमरलेल्या बाळाला नळी-मुखवट्याने आणि पुढे पिशवी-मुखवट्याने श्वास देणेही होते. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार एकोणचाळीस गावांतील नवजात मृत्यू सुमारे बासष्ट टक्क्यांनी घटले. त्याचे श्रेय साऱ्या उपायांना मिळून आहे, एकट्या पिशवीला नव्हे. तरी ज्या हातांवर डॉक्टरांचा विश्वास बसत नव्हता, त्या हातांनी ते करून दाखविले. २००९ मध्ये केंद्र शासनाने नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम काढून सरकारी रुग्णालयांतील डॉक्टर-परिचारिकांना दोन दिवसांचे असे शिक्षण देण्यास आरंभ केला. प्रौढांच्या बाबतीत भूलतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संस्थेने २०१७ मध्ये भारतीय परिस्थितीचा विचार करून तीन पायऱ्यांचे मार्गदर्शन आखले: सामान्य माणसासाठी केवळ छातीवरील दाब, रुग्णालयाबाहेरच्या प्रशिक्षितांसाठी एक, आणि रुग्णालयातील कर्मचाऱ्यांसाठी एक.

आपल्या घराघरांतून मुली-सुना परिचारिकेचा पांढरा गणवेश चढवून मुंबईच्या रुग्णालयांत आणि आखातात गेल्या आहेत. दोन वर्षांनी नवे कार्ड घेण्याची यातायात त्या जाणतात. परंतु ज्या वॉर्डात रात्री एक सिस्टर आणि एक मावशी एवढ्याच असतात, तेथे मावशीलाही छाती दाबता आली पाहिजे. कारण सिस्टर पिशवी दाबीत असताना दुसरे हात फक्त तिचेच असतात. अलीकडे अमेरिकन हार्ट असोसिएशनने आणि लेर्डाल यांच्या कंपनीने मिळून एक व्यवस्था काढली आहे. पुतळा ढकलगाडीवर ठेवून वॉर्डातच उभा करतात आणि प्रत्येक कर्मचारी दर तीन महिन्यांनी काही मिनिटे त्यावर हात चालवितो. दाब उथळ झाला की पडदा लगेच सांगतो. त्रैमासिकाच्या वाचकांना हा हिशेब लक्षात ठेवणे कठीण जाऊ नये! आपल्या धर्मप्रांतांत धर्मभगिनींनी आणि विश्वस्त मंडळांनी चालविलेली रुग्णालये आहेत आणि त्यांच्या वार्षिक सभांना आपल्यापैकी कित्येक जण बसतात. नव्या इमारतीचा खर्च आणि नव्या यंत्राची किंमत यांची चर्चा तेथे होतेच. पुढच्या सभेत आणखी एक प्रश्न विचारता येईल: गेल्या तीन महिन्यांत रात्रपाळीच्या किती जणांनी पुतळ्यावर हात चालविला?